आरईबीटी की डीबीटी : सुरुवात कोठून करावी?

चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी घरात शिरताना ज्याने पाहिले, त्याला आजही रात्री कौलांवर पावसाचा जोर वाढताच धडधडू लागत असेल, तर ‘घाबरू नकोस’ एवढे सांगून भागत नाही. ती अस्वस्थता सोसायची कशी आणि आवरायची कशी, हे शिकावे लागते. त्यासाठीच्या आरईबीटी आणि डीबीटी या दोन मानसोपचार पद्धतींपैकी एक निवडू पाहणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

आरईबीटी म्हणजे विवेकनिष्ठ भावनिक वर्तनोपचार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडला. अवकाळी पावसाने मोहोर गळाला, तर बागायतदाराला दुःख आणि काळजी वाटणारच, आणि एलिस ती पुसून टाकायला सांगत नाहीत. मात्र ‘असे होताच कामा नये, हे मला सहनच होणार नाही’ हा हटवादी समज माणसाला खचवतो, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणून त्या समजाला पुरावा मागायचा, तो कागदावर तपासायचा आणि त्याजागी ‘हे कठीण आहे, पण मी ते सोसू शकतो’ असा विचार सरावाने रुजवायचा.

डीबीटी म्हणजे द्वंद्वात्मक वर्तनोपचार (बँक खात्यात अनुदान जमा करणाऱ्या डीबीटीशी याचा संबंध नाही). मार्शा लिनेहान यांनी तो अमेरिकेत, वारंवार आत्महत्येकडे ओढल्या जाणाऱ्या रुग्णांसाठी घडवला, आणि तरुणपणी आपणही अशाच यातनांतून गेलो होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. त्यात सजगता, यातना सहन करणे, भावनांचे नियमन आणि नात्यांतील व्यवहार अशी चार प्रकारची कौशल्ये शिकवतात. उदाहरणार्थ, श्वास रोखून बर्फ घातलेल्या पाण्यात चेहरा सुमारे ३० सेकंद बुडवला, तर बुडी मारताना शरीर देते तसाच प्रतिसाद जागा होऊन हृदयाची गती मंदावते. हृदयविकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

माझे मत स्पष्ट आहे. भावना शिगेला पोहोचली असताना स्वतःशी युक्तिवाद करता येत नाही, त्यामुळे ज्याला असे झटके वारंवार येतात, त्याने आधी डीबीटीची सहनकौशल्ये शिकावीत. ज्याची तगमग मंद पण दिवसरात्र चालू असते, त्याला आरईबीटी अधिक उपयोगी पडेल. एरवीही, मराठीत पुस्तके असल्यामुळे आरईबीटीची सुरुवात घरबसल्या करता येते.

पूर्ण डीबीटीत दर आठवड्याला वैयक्तिक सत्र, गटातील वर्ग आणि अधल्यामधल्या दिवशी फोनवर मार्गदर्शन असते, आणि हे साधारण वर्षभर चालते. गुहागर किंवा देवगडहून त्यासाठी दर आठवड्याला मुंबई गाठणे बहुतेकांना परवडणार नाही. व्हिडिओ कॉलवर निदान कौशल्ये तरी शिकता येतात. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर मात्र नुसत्या कौशल्यांवर विसंबू नये. जिल्हा रुग्णालयातील किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तो दिवसरात्र चालू असतो.

पैसे भरण्यापूर्वी समुपदेशकाला दोन गोष्टी विचाराव्यात : या पद्धतीचे प्रशिक्षण आपण कोठे घेतले, आणि दोन सत्रांच्या मध्ये एखाद्या रात्री मला असह्य झाले, तर मी कोणाला फोन करायचा?