घरच्या पवनचक्कीला ब्रेक कोणता: एडी करंटची तबकडी की जनरेटर शॉर्ट करणे?

दोन मीटर व्यासाची पवनचक्की धरू. सेकंदाला 12 मीटर वाऱ्यात ती साधारण 1 किलोवॅट देते. वारा दुप्पट झाला की ताकद आठपट, म्हणजे 8 किलोवॅटच्या घरात जाते. ब्रेक निवडायचा तो हा दुसरा आकडा डोळ्यांसमोर ठेवून.

एडी करंट ब्रेकमध्ये शाफ्टवर ॲल्युमिनियमची तबकडी असते आणि दोन्ही बाजूंना निओडिमियमचे जोरदार कायम चुंबक. तबकडी फिरली की तिच्यात विजेच्या प्रवाहाचे भोवरे, म्हणजेच एडी करंट, उठतात आणि तिला अडवतात. काहीच घासत नाही, झिजत नाही, वीज गेली तरी ब्रेक लागतो. हे सगळं आकर्षक आहे, पण अडचण उष्णतेची. 300 मिमी व्यासाची, 6 मिमी जाडीची तबकडी सव्वा किलोचीही भरत नाही. तिच्यात 1 किलोवॅट गेला की सुरुवातीला दर सेकंदाला सुमारे 1 अंश तापमान वाढतं. 8 किलोवॅट गेले तर दहा सेकंदांत 80 अंश. साध्या ग्रेडचे चुंबक 80 अंशांपुढे कायमचे कमजोर होऊ लागतात. शिवाय ठरावीक वेगापर्यंतच ब्रेकचा रोध वाढतो, पुढे तो घटत जातो. म्हणजे ऐन वादळात ब्रेक ढिला पडू शकतो. थांबलेली चक्की तर तो धरूनच ठेवत नाही, कारण फिरणं नाही तर प्रवाहही नाही.

जनरेटरच्या तिन्ही तारा एकत्र जोडल्या की तोच ब्रेक होतो. जादा खर्च एका दणकट स्विचचा. मात्र हा स्विच वारा चढण्याआधी टाकायचा. पाती मंद फिरत असताना शॉर्ट केलं तर ती स्टॉल होतात, म्हणजे वाऱ्याची पकड सुटून त्यांचा जोर जातो, आणि मग जोराच्या वाऱ्यातही सहसा वेग घेत नाहीत. भरवेगात शॉर्ट केलं तर जनरेटरमधलं तारांचं वाइंडिंग जळण्याची भीती. मनोऱ्यापासूनची तार लांब आणि बारीक असेल तर ब्रेकचा जोर आणखी कमी पडतो, म्हणून स्विच मनोऱ्याच्या पायथ्याशीच हवा.

शेपटीची चक्की असेल तर मी एडी करंटच्या वाटेला जाणार नाही. घरी बनवायच्या पवनचक्क्यांसाठी ओळखले जाणारे स्कॉटलंडचे ह्यू पिगॉट यांच्या आराखड्यात शेपटी तिरक्या बिजागरीवर असते. वारा वाढला की पातीच बाजूला वळतात आणि जादा ताकद आत शिरतच नाही. त्याच्या जोडीला शॉर्टिंग स्विच पुरतो.

उभ्या अक्षाच्या चक्कीला ही सोय नाही. तिथे एडी करंट खरोखर उपयोगी, पण चुंबक 150 अंश सोसणाऱ्या एसएच ग्रेडचे घ्या, वेग वाढल्यावरच ते तबकडीजवळ सरकतील अशी रचना करा, म्हणजे मंद वाऱ्यात वीज वाया जाणार नाही. आणि चक्की थांबवून ठेवायला यांत्रिक ब्रेक वेगळा लावाच.