मेंदूच्या कर्करोगासाठी आधारगट: रुग्णासाठी कोणता, शुभंकरासाठी कोणता

मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले की खानदेशातल्या बहुतेक कुटुंबांचे पहिले दोन महिने एमआरआय, शस्त्रक्रिया आणि मुंबईच्या फेऱ्या यांतच सरतात. आधारगटाचा विचार मनात येतो तो टाके निघाल्यावर, घरी परतल्यावर, जेव्हा भेटायला येणाऱ्यांची वर्दळ कमी होते आणि रात्री मोठ्या वाटू लागतात. तेव्हा चार वाटा समोर असतात: मुंबईतील रुग्णालयाच्या आधाराने चालणारा मेंदूच्या गाठींचाच गट, जिल्ह्याच्या ठिकाणचा सर्व कर्करुग्णांचा गट, मोबाइलवरचा गट, आणि उपचारांच्या काळात ओळख झालेली दोन-चार कुटुंबे. माझ्या थोरल्या भावाच्या, अप्पांच्या आजारपणात आम्ही या चारही वाटांनी गेलो. त्यातून बनलेले माझे मत असे की, रुग्ण आणि त्याची काळजी घेणारी व्यक्ती, जिला मराठी आधारगटांत शुभंकर म्हणतात, या दोघांसाठी एकच गट शोधू नये. रुग्णासाठी जवळचा गट पाहावा. शुभंकरासाठी, तो कितीही लांबचा असला तरी, त्याच आजाराचा पाहावा.

याचे कारण आजाराच्या स्वरूपात आहे. अप्पांची गाठ मेंदूच्या डाव्या बाजूला, बोलण्याच्या केंद्राजवळ होती. समोर पाण्याचा तांब्या दिसत असून त्यांना ‘तांब्या’ हा शब्द सापडत नसे. ते बोटाने दाखवत, दोन वेळा चुकीचे नाव घेत आणि मग मान फिरवून गप्प बसत. गाठ मेंदूच्या पुढच्या भागात असेल तर स्वभावच पालटू शकतो, शांत माणूस चिडखोर होतो किंवा दिवसचे दिवस काहीच न बोलता बसतो. त्यात मेंदूची सूज उतरवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडने झोप उडते, भूक वाढते आणि चिडचिडही वाढते. हे सारे घरात ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना ते सांगून समजत नाही.

जिल्ह्याच्या गटात आम्हाला हेच दिसले. तिथे बहुतेक कुटुंबे तोंडाच्या आणि स्तनाच्या कर्करोगाची होती. माणसे मायेची होती. पण “काल यांनी भरलेले ताट भिरकावले” असे वहिनी बोलल्या तेव्हा क्षणभर कोणालाच काही सुचले नाही, आणि मग एका मावशींनी धीर धरण्याचा सल्ला दिला. वहिनींना सल्ला नको होता. असे दुसऱ्या कोणाच्या घरी घडते का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. अप्पांना मात्र तोच गट मानवला. रिक्षाने वीस मिनिटांत पोहोचता येत असे, दमले तर अर्ध्यातून उठून येता येत असे, आणि मुख्य म्हणजे तिथे कोणी बोलण्याची सुरुवात आजाराने करत नसे. “जेवण व्हयनं का?” असे कोणी अहिराणीत विचारले की अप्पांकडून उत्तर येई. प्रमाण मराठीत त्यांना सापडत नसलेले शब्द कधी कधी अहिराणीत पटकन ओठांवर येत. ज्या रुग्णाची भाषाच आजाराच्या तावडीत सापडली आहे, त्याच्यासाठी गटाची बोली ही दुय्यम बाब मानता येणार नाही. नंदुरबारच्या बाजूला घरी भिल्ली किंवा पावरी बोलणाऱ्या कुटुंबांनी तर ही चौकशी सर्वांत आधी करावी.

आता मुंबईच्या गटाविषयी. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय आणि खारघरचे त्याचे ॲक्ट्रेक हे केंद्र येथे खानदेशातले अनेक रुग्ण जातात, आणि तेथील डॉक्टरांशी जोडलेली ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडिया ही संस्था याच आजाराच्या कुटुंबांसाठी आहे. अशा गटाचे बळ हे की तिथे प्रश्नाला अचूक उत्तर मिळते. फिट आली तर कांदा हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये, रुग्णाला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे, पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर लगेच रुग्णालय गाठावे, हे आम्हाला डॉक्टरांनीही सांगितले होते. पण दुसऱ्या एका शुभंकराने ते स्वतःच्या स्वयंपाकघरात कसे केले हे ऐकल्यावरच वहिनींच्या अंगी ते उतरले. उणीव अर्थातच अंतराची. जळगावहून मुंबई रेल्वेने चारशे किलोमीटरांहून अधिक आहे, आणि केवळ बैठकीसाठी रुग्णाला तेवढा प्रवास घडवणे मला योग्य वाटत नाही. पुढच्या तपासणीची तारीख घेतानाच रुग्णालयाच्या मेडिकल सोशल वर्करना बैठकीचा दिवस विचारावा आणि दोन्ही एका फेरीत जुळवावे. उपचारासाठीच्या प्रवासात कर्करुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत असते. तिचे प्रमाणपत्र रुग्णालयातूनच घ्यावे लागते. मुक्कामासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही दोन नावे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहेत.

तरीही आम्हाला सर्वांत उपयोगी पडलेला गट कोणी स्थापन केलेला नव्हता. ग्लिओब्लास्टोमासारख्या, वेगाने वाढणाऱ्या कर्करोगाच्या गाठीला शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे सहा आठवड्यांत रेडिएशनचे तीस शेक देतात, आठवड्यातून पाच दिवस, आणि सोबत टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या गोळ्या. रोजची वेळ ठरलेली असल्यामुळे रेडिएशन विभागाबाहेरच्या बाकावर रोज तीच माणसे भेटतात. तिसऱ्या आठवड्यापर्यंत कोणाच्या डब्यात काय आहे आणि कोणाचा रुग्ण काल रात्री झोपला नाही हे सर्वांना ठाऊक होते. ज्यांचे शेक अजून व्हायचे आहेत त्यांना मी आग्रहाने सांगेन की, या सहा आठवड्यांत निदान तीन कुटुंबांचे क्रमांक घ्यावेत आणि शेवटच्या शेकाआधी घ्यावेत, कारण त्या दिवशी सगळेच गाडी पकडण्याच्या घाईत असतात.

मोबाइलवरचे गट शुभंकरासाठी चांगले, पण पारखून घ्यावेत. गाठीची प्रत, म्हणजे ग्रेड, विचारणारा गट विश्वासाचा मानावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या गाठींच्या एक ते चार अशा प्रती आहेत, चौथी सर्वांत गंभीर, आणि बहुतांशी कर्करोग नसलेल्या मेनिन्जिओमाचा रुग्ण बरा झाला ही बातमी चौथ्या प्रतीच्या ग्लिओब्लास्टोमाच्या घरात चुकीची आशा पेरते. आम्ही ज्या एका गटात होतो तिथे महिन्याभरात कोणीतरी गाठ विरघळवणाऱ्या काढ्याची जाहिरात टाकू लागले आणि गट चालवणाऱ्यांनी ती थांबवली नाही. आम्ही बाहेर पडलो. एमआरआयचे अहवाल रुग्णाच्या नावासकट टाकायला लावणाऱ्या गटातही थांबू नये. अमेरिकन ब्रेन ट्यूमर असोसिएशनसारख्या १९७३ पासूनच्या परदेशी संस्थांची माहिती उत्तम असते, मात्र तिथल्या चर्चेतला विमा, उपकरणे आणि चाचण्या यांचा बराच भाग इथे लागू पडत नाही.

याच आजाराच्या गटाची आणखी एक बाजू आहे, आणि तिच्यामुळेच मी रुग्णाला तिथे न विचारता जोडण्याच्या विरोधात आहे. तिथे मृत्यूच्या बातम्या येतात, आणि वारंवार येतात. शुभंकराला त्या ऐकून पुढची तयारी करता येते. रुग्णाच्या हाती रात्री अकरा वाजता तशी बातमी पडणे ही वेगळी गोष्ट आहे. रुग्णाने स्वतः मागितले तर मात्र अडवू नये.

जिथे यांपैकी कोणताच गट हाताशी नाही, तिथे शुभंकराने टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. तिथे रात्रीही मराठीतून समुपदेशक मिळतो. हा गट नव्हे, पण दोन बैठकांमधला पूल म्हणून त्याचा उपयोग होतो. आजार पुढे गेलेला असेल तर पुण्यात वारजे येथील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर या, त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या केंद्रात रुग्णासोबत कुटुंबाकडेही लक्ष दिले जाते. तापी खोऱ्यातली माणसे उपचारासाठी सुरतेला जात असतील तर आधाराचीही चौकशी तिथल्याच रेडिएशन विभागात करावी.

अप्पा गेले त्याला आता दीड वर्ष झाले. जळगावच्या गटात आम्ही पुन्हा गेलो नाही. बाकावरच्या कुटुंबांच्या गटात मात्र वहिनी अजून आहेत, आणि परवा रात्री अमळनेरच्या एका मुलीने वडिलांना पहिली फिट आल्याचे घाबरून कळवले तेव्हा पहिला फोन त्यांनीच केला: “आधी त्यांना कुशीवर वळव बेटा, आणि घड्याळ बघ, मी फोनवरच आहे.”