झागोरीचा ट्रेकिंग नकाशा : डोंगर झकास, कारभार गायब

भाचा अथेन्सला असतो, त्याच्याकडं गेलतो तेव्हा ग्रीसच्या वायव्येकडल्या झागोरी या डोंगराळ भागाचा हा घडीचा नकाशा घेतला, दहाएक युरो पडले. कागद प्लास्टिकसारखा, पावसात भिजला तरी काही होत नाही, घडी पडून फाटत नाही. एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. आमचं गाव बालाघाटातलं, चढउतार काय ते माहितीये, पण इथल्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) बघून डोकं गरगरायला लागतं. विकोसची दरी जवळजवळ 900 मीटर खोल अन् वरच्या दोन कडांमधलं अंतर हजारएक मीटर, नकाशावर तिथं रेषा इतक्या चिकटल्यात की नुसता तपकिरी पट्टा दिसतो. ओक्सिया अन् बेलोई, दरीच्या दोन काठावरचे पॉइंट, कागदावर बोटभर लांब, पण गाडीनं जायचं तर कपेसोवो गावावरनं केवढा वळसा पडतो ते बघा. बेलोईच्या बाजूचं व्रादेतो झागोरीतलं सगळ्यात उंचावरचं गाव, 1970 च्या आसपासपर्यंत तिथं गाडीरस्ता नव्हता, दगडी पायऱ्यांची नागमोडी वाटच होती, ती वाट नकाशात प्रत्येक वळणासकट दिलीय. जुने कमानीचे पूलपण आहेत. इथवर पैसे वसूल.

आता तक्रार. मी पंचायत समितीत नोकरी केलेला माणूस, मला कुठंबी गेलं की पहिलं हेच कोडं पडतं की हितला कारभार चालतो कसा. झागोरी हा एक दिमोस आहे, म्हणजे आपली नगरपरिषद अन् पंचायत समिती एकत्र केल्यासारखं, निवडून आलेला महापौर अन् कौन्सिल, वर योआनिना हा जिल्ह्यासारखा विभाग, त्याच्यावर इपिरस प्रदेश. 2010 च्या कालिक्रातिस कायद्यानं देशभरातल्या हजारावर नगरपालिका अन् ग्रामसंस्था एकमेकांत मिसळून 325 केल्या, 1 जानेवारी 2011 पासून. तेव्हाच मध्य झागोरी, पूर्व झागोरी, तिम्फी, पापिंगो अन् वोवूसा अशी पाच तुकड्यांची ही एक संस्था झाली. क्षेत्रफळ 990 चौरस किलोमीटरच्या घरात अन् 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या चार हजाराच्याही आत! आपल्याकडं एवढी माणसं एका बऱ्यापैकी गावात निघतात अन् इथं एवढ्यांसाठी एवढा डोंगर सांभाळायचा, कचरा, पाणी, बर्फात रस्ते उघडे ठेवायचे. एकत्र का केलं ते कळतं, पण दरी मधी असताना एकत्र म्हणजे किती एकत्र ते हा नकाशा बघूनच कळतं.

पण नकाशावाल्यानं यातलं काही दाखवलेलं नाही. दिमोसची हद्द कुठं संपते त्याची फिकी रेघसुद्धा नाही. दफ्तर आस्प्रांगेलीला आहे, तर ते गाव साध्या बारीक अक्षरात, मोनोडेंद्री अन् पापिंगो मात्र ठळक, कारण पर्यटक तिकडं जातात ना. 2023 ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत झागोरीचं नाव आल्यापासून गर्दी तर वाढणारच.

अन् सगळ्यात वाईट म्हणजे वोवूसा. आओस नदीवरचं गाव, पार पूर्वेच्या टोकाला, दिमोसमधी आहे पण नकाशात कापलंय, कागद तिथवर पोचतच नाही. कव्हरवर नाव मात्र मोठ्ठं "झागोरी". दुकानदाराला विचारलं तर म्हणला त्या बाजूचा वेगळा नकाशा मिळतो, तो घ्या. म्हणजे परत पैसे.

फक्त विकोस-पापिंगो चालायचं असंल तर बिनधास्त घ्या. पूर्वेकडं जायचं असंल तर आधी दुकानातच उलगडून कोपरा बघा.