टपावर दोन तंबूंची भाड्याची हायलक्स: अ‍ॅलिस स्प्रिंग्ज ते उलुरू, चौघांसाठी

सिडनी-मेलबर्नहून सप्टेंबरअखेरच्या शाळेच्या सुट्टीत मुलांना घेऊन उलुरूला निघणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये ही गाडी याच सामानासह एकाहून जास्त ठिकाणी मिळते, म्हणून कंपनीचं नाव न घेता गाडीबद्दलच बोलू. टोयोटा हायलक्स, डबल कॅब, डिझेल, फोर-व्हील-ड्राइव्ह. मागे बंद कॅनोपी (सामानाच्या हौद्यावरचं पेटीसारखं झाकण), टपावर दोन तंबू, 12 व्होल्टचा फ्रिज, गॅसची शेगडी, टेबल-खुर्च्या. गाडीला पैकीच्या पैकी मार्क. तंबूंना मे ते ऑगस्ट चांगले मार्क, पण सप्टेंबरपासून जेमतेम पास.

कारण या भागात दिवसाचं वेळापत्रक ऊन ठरवतं. अंदाज 36 अंश किंवा वरचा असेल, तर किंग्ज कॅन्यनच्या कड्यावरची 6 किलोमीटरची वाट सकाळी 9 नंतर बंद. उलुरूजवळच्या काटा जुटा डोंगरांतली व्हॅली ऑफ द विंड्स ही पायवाट अशा दिवशी 11 वाजता कारू लुकआउटच्या पुढे बंद. उलुरूभोवतीचा 10 किलोमीटरचा फेराही ऊन चढायच्या आत उरकावा लागतो. उलुरू-काटा जुटा उद्यानात मुक्कामाला परवानगी नाही. राहायचं उद्यानाबाहेरच्या युलारा गावातल्या कॅम्पग्राउंडवर, आणि तिथून उलुरू साधारण 20 किलोमीटर. म्हणजे उजाडताच गाडी हलवायचीच, आणि गाडी हलवायची तर डोक्यावरचे दोन्ही तंबू मिटलेले हवेत. सराव असलेल्याला एका तंबूला 10 मिनिटं पुरतात, नवख्याला 20. दोन तंबू, अंधार आणि झोपेतून उठवलेली मुलं धरली, तर सूर्योदयाच्या दीड तास आधी उठायची तयारी ठेवा.

उघडायची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागी लावायची, कव्हरची झिप आणि पट्टे सोडायचे, शिडी पूर्ण लांब खेचायची आणि प्रत्येक पायरीची खिट्टी बसली का ते हाताने चाचपायचं. मग शिडीच तरफेसारखी खाली दाबायची. तंबूच्या तळाची दुमडलेली फळी उलटते आणि तंबू आपोआप उभा राहतो. शेवटी खिडक्यांवरच्या झापांना लवचिक सळया.

घोटाळा होतो तो वाऱ्यात. उलटलेली अर्धी फळी गाडीच्या बाहेर असते आणि तिला आधार फक्त शिडीचा. वारा त्याच बाजूने येऊन फळीखाली शिरला, की फळी उचलते, शिडीचे पाय जमिनीवरून सुटतात आणि सगळा ताण बिजागरीवर जातो. म्हणून गाडी अशी लावा की वारा बंद बाजूवर आदळेल आणि तंबू आडोशाला उघडेल. दोन्ही तंबू एकाच बाजूला उघडणारी गाडी मागून घ्या. एक डावीकडे आणि एक उजवीकडे असेल तर त्यातला एक वाऱ्याच्या तोंडी जाणारच. रात्री वारा वाढला तर आधी झापांच्या सळया काढा. तंबूभर फडफड होते ती त्या झापांमुळे, आणि मुलं जागी होतात तीही तिनेच. गाडीच्या बाजूला सावलीसाठी ओढून काढायचं कापडी छत असेल तर ते गाडीपासून दूर जाताना प्रत्येक वेळी गुंडाळाच. एका वावटळीत त्याचे हात पिळवटतात, आणि ते नुकसान बहुतेक करारांत विम्याबाहेर असतं.

झिपकडे विशेष लक्ष द्या. तांबडी माती पिठासारखी बारीक असते आणि दातांत जाऊन बसते. झिप अडली म्हणून तेल लावू नका, तेलावर माती आणखी चिकटते. जुना टूथब्रश फिरवा, मग मेणबत्ती घासा.

फ्रिज उत्तम, पण त्याची बॅटरी गाडी चालतानाच चार्ज होते. 40 लिटरचा फ्रिज थंड हवेत दिवसाला 30 अँपिअर-तासांच्या आसपास घेतो. 40 अंशांच्या दिवशी, बंद कॅनोपीत, 50 च्या पुढे जातो. 100 अँपिअर-तासांची एजीएम (सीलबंद शिसे-आम्ल) बॅटरी असेल तर वापरता येतात ते निम्मेच. युलाराला दोन दिवस थांबून रोज पाऊण तासच गाडी चालवली, तर तिसऱ्या सकाळी दूध नासलेलं असणार. उपाय म्हणजे वीज असलेली जागा घ्या आणि गाडीसोबत 240 व्होल्टची केबल आहे का ते निघण्यापूर्वी बघा. फ्रिज 4 अंशांवर ठेवा, आत जाणारं सामान आधीच गार हवं, आणि कॅनोपीची फ्रिजकडची बाजू दुपारी सावलीत येईल अशी गाडी लावा.

सामानात कुकर नसतो. 3 लिटरचा घरून न्या. वाऱ्यात उघड्या पातेल्यात भात शिजायला गॅस दुप्पट जळतो. शेगडीच्या पोटात गॅसची डबी बसवायची असेल, तर वारा अडवायला तिच्याभोवती पत्रा गुंडाळू नका, डबी तापून फुटू शकते. पिठलं-भात, डाळ-तांदळाची खिचडी यापलीकडे बेत ठेवू नका. पाण्याचे 20 लिटरचे दोन कॅन मिळतात. चौघांना पिण्या-स्वयंपाकाला माणशी 6 लिटर धरले तर दोन दिवसांना 48 लागतात, तेव्हा 10 लिटरचं एक खोकं वर घ्याच. विदर्भातला उन्हाळा काढलेल्यांना ही कोरडी हवा ओळखीची वाटेल: घाम जागच्या जागी सुकतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. मुलांना ठरावीक वेळाने मीठ-साखरेचं पाणी द्या, तहानेची वाट पाहू नका.

हर्मन्सबर्ग गावापुढून किंग्ज कॅन्यनकडे जाणाऱ्या मिरीनी लूप या कच्च्या रस्त्यावरून जायचं असेल तर परवाना लागतो, आणि भाडे कंपनीची लेखी परवानगीही. रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा आहे. डांबरीवर टायरमध्ये 38-40 पीएसआय ठेवतात. कच्च्यावर उतरताना 28-30 करा आणि वेग 80 च्या आत ठेवा. हवा कमी केली की टायर खड्डे पोटात घेतो, टपावरच्या तंबूंचे बोल्टही कमी हादरतात. चालून तापलेल्या टायरचा दाब 4-6 पीएसआय जास्त दिसतो. तो वाढला म्हणून हवा सोडू नका. डांबरीवर परतल्यावर पुन्हा भरायला कॉम्प्रेसर लागतो, तो चालू करून बघितल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. स्पेअर एकच असेल तर दुसरा मागा. करारात रात्री गावाबाहेर चालवायला बंदी असते ती गुरं, कांगारू आणि उंटांमुळे, ती पाळाच.

मुक्कामाची जागा निवडताना मोठ्या गम (निलगिरीच्या जातीच्या) झाडाखाली जाऊ नका, उन्हाळ्यात धडधाकट दिसणारी फांदीही अचानक तुटून पडते. किंग्ज कॅन्यनजवळच्या किंग्ज क्रीक स्टेशनला (गुरांचं मोठं फार्म, तिथे कॅम्पग्राउंड आहे) डेझर्ट ओक झाडांची सावली आहे, तिथे निवांत राहा.

आमचा सल्ला: एकच टप-तंबू असलेली गाडी घ्या आणि मुलांसाठी जमिनीवरचा कॅनव्हासचा तंबू किंवा दोन स्वॅग (आत गादी असलेल्या, गुंडाळून नेता येणाऱ्या कॅनव्हासच्या झोपायच्या पिशव्या) वेगळे मागा. मुलं सहा-सात वर्षांच्या आतली असतील तर हेच करा, कारण रात्री लघवीला उठलेलं मूल दोन मीटरच्या शिडीवरून उतरवणं जिकिरीचं असतं. जमिनीवरचा तंबू पहाटे तसाच उभा ठेवून निघता येतं, मिटायला फक्त टपावरचा उरतो. वाऱ्यासाठी लांब खुंट्या मागून घ्या, मऊ वाळूत छोट्या खुंट्या तणाव्यासकट उपटून येतात. आणि चपला-बूट रात्री तंबूच्या आत ठेवा, डिंगो (इथले रानकुत्रे) पळवतात.