रुंद टायरसाठी फेंडर: लिप रोल करायची, पत्रा ओढायचा की कापून फ्लेअर लावायचे?

रुंद अलॉय व्हील घ्यायचं ठरलं की प्रश्न येतोच, टायर फेंडरला (चाकावरच्या बॉडीच्या पत्र्याला) घासला तर काय करायचं. मार्ग तीन-चार आहेत आणि ज्या गॅरेजवाल्याला जे जमतं तेच तो बेस्ट म्हणून सांगतो, त्यामुळे गॅरेजला जायच्या आधी तुम्हाला एक आकडा माहीत पाहिजे: जागा नेमकी किती एमएम कमी पडतेय. ५ कमी पडत असतील तर एक उत्तर, १५ असतील तर दुसरं आणि ४० असतील तर सगळा खेळच वेगळा.

हा आकडा रिमच्या रुंदीइतकाच ऑफसेटवरही ठरतो, म्हणजे रिमचा बोल्टचा भाग रिमच्या मध्यापासून किती एमएम बाहेर आहे त्यावर (हाच ईटीचा आकडा; ईटी जेवढा कमी तेवढं चाक बाहेर), आणि तिकडे लोक बघतच नाहीत. समजा गाडीवर ६ इंच रुंद, ईटी ४५ चं रिम आहे आणि तुम्ही ७ इंच, ईटी ३५ चं घेतलं. बाहेरची कड २२.७ एमएम बाहेर येते आणि आत फक्त २.७ एमएम जाते. तेच ७ इंची रिम ईटी ४५ चं मिळालं तर दोन्हीकडे १२.७-१२.७, म्हणजे फेंडरकडे चाक १० एमएमने कमी बाहेर आलं, एक पैसाही पत्र्यावर न घालवता. अर्थात आत स्ट्रटपाशी (सस्पेन्शनच्या खांबापाशी) तेवढी जागा आहे का ते बघावं लागेल, पण बऱ्याच गाड्यांत हा प्रश्न इथेच सुटतो. उलट स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये घालायची चकती) लावला की जेवढी त्याची जाडी तेवढं चाक बाहेर, म्हणजे फेंडरचं दुखणं आपणच वाढवायचं.

टायरचंही तसंच. १८५/६५ आर१५ चा व्यास साधारण ६२१ एमएम, २०५/६० आर१५ चा ६२७ आणि २०५/५५ आर१६ चा ६३२. उंचीत फरक किरकोळ, स्पीडोमीटर फार चुकत नाही, पण रुंदी २० एमएमने वाढली म्हणजे बाहेर १० आणि आत १०, त्यात ऑफसेटचा हिशोब वेगळा. हे सगळं कागदावर मांडून मग ठरवा.

आता मार्ग.

पहिला म्हणजे लिप रोल करणं. फेंडरची खालची किनार आत वळवलेली असते, पँटची मोहरी दुमडून शिवतात तशी, आणि गाडी दबली की टायर आधी त्या आडव्या किनारीलाच लागतो. रोलर टूल चाक काढून हबवर बसवतात, हीट गनने रंग गरम करतात आणि हळूहळू ती किनार वर चपटी करतात. मिळतात साधारण ५ ते १० एमएम. बाहेरून गाडी जशीच्या तशी दिसते, आणि नीट केलं तर रंगालाही काही होत नाही. रोजच्या गाडीसाठी माझ्या मते हाच सगळ्यात शहाणा मार्ग आहे. फक्त तीन गोष्टी: घाई करायची नाही, एका फेरीत पूर्ण दाबायचं नाही, आणि रंग थंड झाला की थांबून परत गरम करायचा. काही ठिकाणी टायर आणि फेंडरच्या मध्ये पाइप किंवा बॅट घालून गाडी पुढेमागे ढकलतात, स्वस्तात होतं पण किनार लाटा आल्यासारखी होते आणि नंतर ती सरळ करायला डेंटरच लागतो.

त्याआधी फेंडरवर चुंबक फिरवून बघा. जिथे चुंबक नीट चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे डेंट भरायची पुट्टी, भरलेली आहे, आणि लांबीवर रोलर फिरला की ती तडकणारच, कितीही गरम करा. सेकंडहँड गाडी असेल तर हे करायलाच हवं.

दुसरा मार्ग पत्रा ओढणं, म्हणजे पुलिंग. टूल तेच, पण किनार चपटी झाल्यावर पूर्ण आर्चच (चाकावरची फेंडरची कमान) बाहेर ढकलायचा. १० ते २० एमएम मिळू शकतात, आणि चांगल्या हाताने केलेलं काम दिसायला सगळ्यात सुंदर, आर्च भरल्यासारखा दिसतो आणि वेगळं काही चिकटवलेलंही नसतं. पण इथे पत्रा ताणला जातो. रंग टिकेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, बंपर जिथे फेंडरला भेटतो तिथे गॅप पडते, मागच्या दाराची कड आर्चच्या जवळ असेल तर दार उघडताना घासायला लागतं. गाडी तशीही रंगवायची असेल तर पुलिंग मस्त पर्याय आहे. रंग चांगला ओरिजिनल असेल तर मी तरी सांगेन, त्याला हात लावू नका.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण निर्णय खरा यावर आहे. पुढचा फेंडर आणि मागचा फेंडर या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पुढचा बोल्टवर असतो, वाकडा झाला, फाटला, तर काढून नवीन लावायचा, रंगवायचा, विषय संपला. मागचा म्हणजे क्वार्टर पॅनल, तो बॉडीलाच वेल्ड केलेला असतो. त्याच्या किनारीवर बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा एकत्र स्पॉट वेल्ड करून मध्ये सीलर भरलेला असतो. लिप रोल केली तरी तो सीलर तडकतो, म्हणून मागे रोल केल्यावर परत सीम सीलर आणि खालून कोटिंग मारणं हे कामाचाच भाग आहे, एक्स्ट्रा नाही. कोकणातला पाऊस, खारी हवा, रस्त्यावरचा लाल चिखल त्या फटीत जाऊन बसतो आणि गंज आतून सुरू होतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं काम झालेलं असतं. मुंबई, रत्नागिरी, गोवा या पट्ट्यात गाडी वापरणाऱ्याने तर सीलरचं आधी बोलून घ्यावं आणि मगच गाडी सोडावी.

त्यात आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकला मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) असतो, त्यामुळे मागचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, अलाइनमेंट मशीनवर सहज ॲडजस्ट होत नाही. पुढे थोडा कॅम्बर देऊन काही एमएम वाचवता येतात, मागे ते जमत नाही. म्हणून मागची रिम निवडतानाच सांभाळून घ्या, म्हणजे क्वार्टर पॅनलला हात लावायची वेळच येणार नाही.

तिसरा मार्ग, आर्च कापून वरून फ्लेअर, म्हणजे टायर झाकणारी रुंद पट्टी, बसवणं. ३०, ४०, ५० एमएम हवे असतील तर हाच आहे. पुढे कापणं सोपं. मागे कापलं की आतला आणि बाहेरचा पत्रा सुटा होतो, त्या फटीतून पाणी थेट बॉडीच्या आत जातं आणि तिथली ताकदही कमी होते. नीट करणारा माणूस आतल्या पत्र्याला चिरा देऊन तो बाहेरच्याकडे वळवतो, वेल्ड करतो, प्रायमर मारतो, सीलर भरतो आणि मग फ्लेअर लावतो. नीट न करणारा ग्राइंडरने कापतो आणि वरून फायबर झाकून मोकळा होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात! म्हणून फ्लेअर लावायच्या आधीचे आतले फोटो मागा, देत नसेल तर दुसरीकडे जा. फ्लेअर शक्यतो लवचिक प्लास्टिकचे घ्या, फायबर हलकं असतं पण आपल्या स्पीडब्रेकरवर आणि पार्किंगच्या धक्क्यात फुटतं.

हा लुक काही आजचा नाही. जपानमध्ये ७० च्या दशकातल्या निसान स्कायलाइन जीटी-आरवरचे स्क्रूने लावलेले ओव्हरफेंडर प्रसिद्ध आहेत, आणि आताचे लिबर्टी वॉक, रॉकेट बनी, आरडब्ल्यूबी यांच्या वाइडबॉडी किट मागचा पत्रा कापूनच बसतात. पण तिथे गाडी म्हणजे प्रोजेक्ट असते, रोज ऑफिसला न्यायची नसते.

कंपनी स्वतः हे कसं करते ते बघायचं तर सुझुकीची जिम्नी बघा. जपानची छोटी केई (तिथल्या सगळ्यात छोट्या गाड्यांच्या वर्गातली) जिम्नी १४७५ एमएम रुंद आणि जिम्नी सिएरा १६४५ एमएम, मूळ बॉडी एकच, फरक रुंद ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) आणि वरून लावलेल्या काळ्या प्लास्टिक आर्चचा. आपल्याकडे विकली गेलेली पाच दाराची जिम्नीही १६४५ चीच. त्यामुळे प्लास्टिक क्लॅडिंगवाली गाडी असेल तर ग्राइंडर काढायच्या आधी रुंद क्लॅडिंग मिळते का ते शोधा, पत्र्याला हात न लावता टायर झाकला जातो. पण एक लक्षात घ्या, क्लॅडिंग टायर फक्त झाकते, आत घासत असेल तर ते घासतच राहणार.

कायद्याचं पण बोलून घेऊ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने मुळात दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलांत बदल होईल असं गाडीत काही करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बॉडीच्या बाहेर आलेला टायर पोलिसांना लांबूनच दिसतो. इन्शुरन्स कंपनीला कळवलं नसेल तर क्लेम अडकू शकतो तो वेगळाच. आत रोल केलेली लिप आणि बाहेर आलेला फायबरचा फ्लेअर यांच्यात हा फरक मोठा आहे.

मग कुणी काय करावं? रोजची गाडी, घरचे पाच जण आणि डिकी भरून गावाला जाणं असेल तर योग्य ऑफसेटची रिम, टायर एक साइज मोठा, लागलंच तर लिप रोल, यापुढे जाऊ नका. गाडी रंगवायला काढलीच आहे आणि १५ एमएम हवेत, तर पुलिंग. जुनी जिप्सी किंवा प्रोजेक्ट कार असेल, बजेट असेल आणि वेल्डिंग जाणणारा माणूस असेल, तरच कापा.

आणि काम कुठलंही असो, रिम-टायर आधी आणा आणि बसवून बघा. फेंडरच्या किनारीला आतून खडू लावा, मागे माणसं बसवा, डिकी भरा, आणि खंबाटकी किंवा ताम्हिणी, जो घाट जवळ असेल तो चढून-उतरून या. खडू जिथे पुसला गेला तेवढाच भाग रोल करायचा, बाकीची किनार जशी आहे तशी राहू द्यायची.