शार्लटचं फ्रीडम स्कूल: नातीचे सहा आठवडे

गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे अमेरिकेत शार्लटला होते. सूनबाईची हॉस्पिटलात दिवसपाळी, मुलाचं ऑफिस आणि दुसरीतली नात टीव्हीपुढे. सूनबाईच्या सोबतच्या नर्सने तिच्या चर्चमधलं फ्रीडम स्कूल सुचवलं. मुलांसाठी काम करणाऱ्या चिल्ड्रन्स डिफेन्स फंड या अमेरिकी संस्थेचा हा 1995 पासूनचा उन्हाळी वाचनाचा उपक्रम. सहा आठवडे, फी नाही, नाश्ता-जेवण तिथंच. चर्च कृष्णवर्णीयांचं. मुलाचा पहिला प्रश्न, "आई, बायबल शिकवतील का गं?" नातीच्या वर्गात तरी नाही शिकवलं. जागा चर्चची, माणसं चर्चची, पुस्तकं गोष्टींची.

सकाळी अर्धा तास 'हरांबे'. शब्द स्वाहिली, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढायचं. घोषणा, टाळ्या, उड्या. एवढ्या गोंगाटावर आमच्या केंद्रप्रमुखांनी शेराच मारला असता! मग बाहेरचा पाहुणा गोष्ट वाचून दाखवतो. एकदा मी वाचली. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं काढूनही हात थरथरले.

पण खरी शाळा मला नाश्त्याच्या टेबलाशी दिसली. चर्चमधल्या एक म्हाताऱ्या बाई तिथं रोज बसायच्या आणि येईल त्या पोराला एक पान वाचायला लावायच्या. पोर अडलं तर सांगायच्या नाहीत. शब्दाखाली बोट ठेवायचं आणि गप्प बसायचं. बाई मूळच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातल्या. 1964 च्या उन्हाळ्यात, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीत, तिथं चर्चच्या तळघरांत, व्हरांड्यांत पहिली फ्रीडम स्कूल भरली, तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. सोबत त्यांची आजीही यायची. "आजीला माझ्यानंतर वाचता आलं," म्हणाल्या आणि पुढच्या पोराला हाक मारली.

तक्रारी आहेत. चौथ्या आठवड्यात हॉलचा एसी दोन दिवस बंद होता, आम्हाला निरोप नाही. पोरगी घामाघूम होऊन घरी आली. शाकाहारी म्हणजे चीज सँडविच, तेव्हा डबा द्या. गणिताची अपेक्षा ठेवू नका, सगळा भर वाचनावर. आणि जागा मोजक्या. दोन पगारांच्या घराने एक अडवली, हे सूनबाईला लागून राहिलं. शेवटी तिने चर्चला देणगी दिली.

दर आठवड्याला एक पुस्तक मुलाच्या मालकीचं होतं. नातीकडे सहा आहेत. व्हिडिओ कॉलवर आता ती मलाच वाचायला लावते. मी अडले की पान कॅमेऱ्यासमोर, शब्दाखाली बोट, आणि बाईसाहेब गप्प.