लाल पट्टी वर आली म्हणजे मीटर जिवंत, असं नव्हे

ऑलिंपस ट्रिप ३५ हा रोलवर चालणारा जुना कॅमेरा (१९६७ ते १९८४) विकताना एक फसवणूक अशी चालते. विकणारा लेन्सवरची रिंग ‘ए’वर, म्हणजे ऑटोमॅटिकवर, ठेवतो, लेन्ससमोर हात धरतो आणि बटण दाबायला सांगतो. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते, शटर अडतं. ‘बघा, उजेड मोजणारा मीटर चालू आहे!’ मग रिंग २.८ या छिद्राच्या आकड्यावर फिरवून शटर खटकन मारून दाखवतो. घेणारा खूश होऊन पैसे मोजतो.

या दोन्हींतून काहीच सिद्ध होत नाही. या कॅमेऱ्यात बॅटरी नाही. लेन्सभोवतीच्या खडबडीत पारदर्शक कड्याखाली सेलेनियम सेल आहे, तो उजेडावर वीज तयार करतो. वीज कमी पडली की पट्टी येते. म्हणजे मेलेला सेल अंधारात पट्टी दाखवणारच. खरी गोष्ट अशी की तो भर उन्हातही दाखवतो. आणि ‘ए’ सोडून दुसऱ्या आकड्यावर शटर सेकंदाच्या १/४० ने उडतंच, तिथे सेलचा संबंध नाही.

म्हणून अंधारात अडतं आणि उन्हात सुटतं, हे दोन्ही पाहा. तेवढ्यावर थांबू नका. अशक्त सेल उन्हात पट्टी दाखवत नाही, पण उजेड कमी आहे असं समजून लेन्सचं छिद्र मोठं ठेवतो आणि अख्खा रोल जास्त उजेड खाऊन येतो. मागचं दार उघडा, रोल नसताना, रोल पुढे सरकवायचं चाक फिरवून लेन्स दुपारच्या उजळ भिंतीकडे धरा. एएसए (रोल उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) ४०० वर शटर उडताना टाचणीच्या टोकाएवढं छिद्र क्षणभर दिसायला हवं, २५ वर ते बरंच मोठं. फरक नसेल तर ‘ए’ सोडून २.८ आणि २२ वर पाहा. तिथेही सारखंच दिसलं तर छिद्र लहान-मोठं करणारी पाती तेलाने चिकटली आहेत. तिथे फरक दिसला तर दोष मीटरच्या बाजूचा. पाती साफ होतात. सेल मात्र बहुधा दुसऱ्या ट्रिपमधून काढूनच बसवावा लागतो, आणि तोही तितकाच जुना असतो.

कॅमेऱ्यावर बाहेरून चिकटवलेल्या नव्या रंगीत चामड्याचे जादा पैसे मागतात. त्याने आतलं काही सुधारत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या कॅमेऱ्यात टॉर्च तिरपा मारून बुरशीचे धागे जरूर शोधा. ऑनलाइन घेताना हाताने झाकणं, ऊन, ४०० आणि २५ हे सगळं एकाच सलग व्हिडिओत मागा. तुकडे जोडलेला व्हिडिओ आला तर तो कॅमेरा सोडून द्या.